शंभरच्या आतला ताप

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा आणि पाऱ्याचा. तुमच्या घरी ‘पीं पीं’ करून आकडा दाखवणारा जो असतो, तो माझा लांबचा पुतण्या म्हणा हवं तर. त्याला सेल लागतो. मला माणसाची जीभ लागते आणि तीन मिनिटांचा धीर लागतो. आज मी एका टेबलाच्या खणात कापसावर पडून असतो आणि पडल्या पडल्या एका आठवड्याचा विचार करतो. त्या आठवड्यात मी एकदाही जाणूनबुजून खोटं बोललो नाही. तरीही माझ्या खऱ्या बोलण्यामुळे एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. ते कसं घडलं, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तापलेल्या काचेची लांब नळी ओढली गेली, तिच्यात केसाहून बारीक वाट राहिली, टोकाला फुगा आला, आणि त्यात पारा भरून माझं तोंड कायमचं बंद करण्यात आलं. मग अंगावर रेघा आणि आकडे कोरले गेले. शेवटी परीक्षा. तपासणीच्या टेबलाशी एक चष्मेवाल्या बाई बसत. आम्हा बारा जणांना त्यांनी कोमट पाण्यात बुडवलं आणि एकेकाला उचलून पाहिलं. काडीचाही फरक दिसला की नळी बाजूच्या डब्यात. आमच्यातले चार त्या डब्यात गेले. मी पास झालो, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच मला थोडा गर्व झाला. पारा झटकला की उतरतो. गर्वाचं तसं नसतं.

औषधांच्या दुकानात मी फार दिवस राहिलो नाही. एके दिवशी एक घड्याळजी तिथे आले. घड्याळजीच ते, मापाची वस्तू न तपासता कशी घेतील? त्यांनी मला एका काखेत आणि माझ्या भावाला दुसऱ्या काखेत धरलं आणि पाच मिनिटं दुकानाच्या मधोमध हात आवळून उभे राहिले. मग आम्हा दोघांची अदलाबदल केली आणि पुन्हा पाच मिनिटं उभे राहिले. दुकानातली गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवून हसत होती. घड्याळजींना त्याचं काही नव्हतं. मला उजेडात धरून ते म्हणाले, “हा द्या. हा कुणाची भीड धरत नाही.” इतकं कौतुक माझं आधी कुणी केलं नव्हतं.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी कामाचं टेबल. टेबलावर दिवा, बारीक चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, आणि काचेच्या झाकणांखाली पोट उघडून पडलेली घड्याळं. त्या घरात दोन नियम होते आणि दोन्ही घड्याळांमुळे आले होते. पहिला असा, की खिडकी उघडायची नाही. वाऱ्याबरोबर धूळ येते, आणि धुळीचा एक कण चाकात गेला की घड्याळ अडतं. दुसरा असा, की यंत्राला पाणी लावायचं नाही. पाण्याने गंज चढतो. म्हणून घड्याळजी सगळी हत्यारं मऊ कातड्याच्या एका कोरड्या फडक्याने पुसत. मलाही ते त्याच फडक्याने पुसू लागले. “अहो, काचेला कुठला गंज?” असं त्यांची बायको एकदा म्हणाली होती. त्यावर ते म्हणाले, “यंत्र ते यंत्र.” विषय तिथेच संपला.

माझ्यामुळे त्या घरात तिसरा नियम आला. घड्याळजींनी तो यमक जुळवूनच केला होता: शंभरच्या आत शाळा, शंभरच्या वर शाल. म्हणजे माझा पारा शंभर अंशांच्या खाली असेल, तर उठा, आवरा, कामाला लागा. वर गेला, तर शाल पांघरून पडा, कुणी काही बोलणार नाही. घरातल्या कुणाला कणकण वाटली की ते सगळ्यांना ओळीने बसवत. त्याला ‘हजेरी’ म्हणत. ज्याला बरं वाटत नसे त्याच्यापासून सुरुवात. एकाच्या जिभेखालून मला काढायचं, आकडा वाचायचा, फडक्याने पुसायचं, झटकायचं, की पुढच्याच्या जिभेखाली. माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. घड्याळजींच्या लेकीने लहानपणी एकदा गणिताचा पेपर टाळण्यासाठी मला चहाच्या कपाला टेकवून ठेवलं. मी एकशे सात दाखवले. घड्याळजींनी मला पाहिलं, तिला पाहिलं, आणि म्हणाले, “एकशे सात ताप असलेलं माणूस बिस्किट खात नाही.” ती पेपरला गेली आणि नापास झाली. तरी तिने माझ्यावर राग धरला नाही.

वर्षं गेली. घड्याळजींची बायको गेली. तिच्या आजारात माझा काही उपयोग झाला नाही, तो आजार तापाचा नव्हता. लेक मोठी झाली, एका शिवणकारखान्यात सदऱ्यांना कॉलर लावण्याचं काम करू लागली. तिचं लग्न झालं आणि जावईच या घरात राहायला आला. पावाच्या भट्टीत काम करणारा, आडदांड, हसरा माणूस. कानाच्या पाळीपर्यंत पीठ लागलेलं असायचं. शेजारी त्याला घरजावई म्हणून चिडवत. तो म्हणायचा, “आधी घर पाहिजे ना, मग जावई कुठलाही चालतो!” घड्याळजी त्याला जावईबापू म्हणत, आणि त्या ‘बापू’मध्ये थोडी चेष्टा असे.

मग या दोघांना मुलगी झाली. ती बोलायला लागली ती थांबेचना, म्हणून आजोबांनी तिचं नाव टिकटिक ठेवलं. शाळेत तिचं दुसरं काही नाव असेल, घरात हेच. मी सांगतो त्या वर्षी ती नऊ वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर फेकून थेट आजोबांच्या टेबलाशी. आजोबा तिच्या डोळ्याला भिंग लावत, उघडं घड्याळ दाखवत, सेकंदाचा काटा बघून ठोके मोजायला शिकवत. झोपायचीही ती आजोबांच्याच खोलीत.

त्या थंडीत एका सोमवारी टिकटिक शाळेतून आली आणि गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलं, हे सांगायला थर्मामीटर लागत नाही. पण मला बाहेर काढलं गेलं.

“घसा खवखवतो आजोबा,” ती म्हणाली. “आमच्या वर्गात अकरा जण आले नाहीत आज. बाईंचा आवाज पण बसलाय.”

“हवा बदलली की घसे बसतात. जीभ वर कर.”

तीन मिनिटं झाली. मी नव्व्याण्णव दाखवले.

“शंभरच्या आत!” घड्याळजी खूश झाले. “उद्या शाळा.” मग पुसलं, झटकलं, आणि हजेरी सुरू झाली. आई, पप्पा, शेवटी आजोबा. सगळे अठ्ठ्याण्णवच्या आसपास. त्या संध्याकाळी रोजच्यासारखी आजोबा आणि नात यांची डोकी एका मनगटी घड्याळावर वाकली. भिंग एकदा तिच्या डोळ्याला, एकदा त्यांच्या. मध्येच तिला खोकला आला, तो त्यांच्या तोंडावरच. आजोबा हसले, भिंग पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं. खिडकी अर्थातच बंद होती.

मित्रांनो, मला उष्णता कळते. खवखवणारा घसा, आंबलेलं अंग, श्वासाबरोबर बाहेर पडणारे बारीक तुषार आणि त्यांतून जाणारा रोग, यांतलं काहीच माझ्या अंगावर कोरलेलं नाही. त्या सोमवारी इन्फ्लुएंझा त्या घरात आलेला होता. तुम्ही त्याला फ्लू म्हणता. माझा पारा चढायच्या आधीच तो एकाकडून दुसऱ्याकडे निघाला होता. आणि मी सगळ्यांना सांगत होतो, शंभरच्या आत, शंभरच्या आत.

मंगळवारी दुपारीच बाईंनी टिकटिकला घरी पाठवलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी एकशे दोन पॉइंट सहा दाखवले. शाल निघाली. लगेच हजेरीही झाली, पुन्हा आजाऱ्यापासून निरोग्यापर्यंत, पुन्हा तोच कोरडा फडका. बुधवारी सकाळी लेकीचं डोकं जड होतं, पण मी नव्व्याण्णव पॉइंट चार म्हणालो, म्हणून ती कारखान्यात गेली आणि बायकांच्या ओळीत बसून कॉलर लावत राहिली. संध्याकाळी परत आली ती भिंतीला धरून. गुरुवारी जावयाची पाळी. एकशे एक पॉइंट आठ. “शालीत मावत नाही मी,” असं म्हणून तो सतरंजी पांघरून पडला. दोन दिवसांत घरातल्या तिघांनी अंथरूण धरलं.

उरले घड्याळजी. माझ्या मते ठणठणीत. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. “जुनं यंत्र आहे हे,” ते छाती ठोकून म्हणत. “हल्लीच्यासारखं नाही, आज आणलं आणि उद्या बिघडलं.” त्यांनी तिघांची सेवा मात्र मनापासून केली. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. आलं घालून पाणी उकळलं आणि ते दर तासाला एकेकाला पाजलं. तिघांना मिळून एकच पेला होता, कारण वेगवेगळे पेले घेतले तर मापाचा घोळ होतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटचा घोट उरला तर तो स्वतः घेत. पाणी वाया कशाला घालवायचं? माणूस प्रेमाने किती चुका करतो, ते मी त्या तीन दिवसांत जवळून पाहिलं.

शुक्रवारी त्यांना खोकला लागला. शनिवारी त्यांनी जेवणाची ताटली तशीच बाजूला सारली. मग टेबलाशी बसून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तास-काटा आणि मिनिट-काटा उलटे बसवले. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते बराच वेळ त्या काट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला खणातून काढून जिभेखाली धरलं. त्यांना ओठ नीट मिटता येत नव्हते. श्वास तोंडाने चालला होता, आणि माझ्या अंगावरून गार वारा जात येत होता. असा वारा लागला की मी थोडं कमीच दाखवतो. त्यांनी मला बाहेर काढून वाचलं. अठ्ठ्याण्णव. “काही नाही,” ते स्वतःशीच म्हणाले, “झोप झाली नाही, दुसरं काय.” आजार अंगावर काढणं यालाच म्हणतात. आणि तो काढायला त्यांना मी मदत करत होतो.

रविवारी सकाळपासून टिकटिकचा ताप उतरला होता. दुपारी ती उठून आजोबांच्या पलंगापाशी गेली. आजोबा उशीला टेकून बसले होते. तिला पाहून त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली.

“एक होता... राजा. त्याचं... घड्याळ...”

“आजोबा, तुम्ही प्रत्येक शब्दाला का थांबता?”

“म्हातारा... झालो ना.”

“काल परवा नव्हता म्हातारे,” ती म्हणाली. मग ती टेबलावरचं एक चालू घड्याळ घेऊन आली, त्यांच्या पोटावर हलकेच हात ठेवला आणि सेकंदाच्या काट्याकडे बघत मोजू लागली. काटा एक फेरी पूर्ण करून वर आला. तिने पुन्हा मोजलं. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवून मोजलं. आणि आईच्या खोलीकडे पळाली.

“आई, आजोबा मिनिटाला चौतीस वेळा श्वास घेतात. दोनदा मोजलं. माझे एकोणीसच आहेत.”

आईला अजून ताप होता. ती कशीबशी उठली, मला घेऊन वडिलांकडे आली. “नाना, दाखवा बरं.” मला जिभेखाली ठेवलं. तीन मिनिटं झाली. मग तिने मला उजेडात धरलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

तिचा जीव भांड्यात पडला. “शंभरच्या आत आहे गं. जा, पड जा जरा. अशक्तपणा असेल त्यांना.”

“पण आई, श्वास!”

“टिकटिक, आजोबांना दमवू नकोस.”

“आई, तू त्यांच्याकडे बघतच नाहीयेस! तू याच्याकडे बघतेस!” आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. तिचं ऐका म्हणालो असतो. पण माझ्याकडे एकच आकडा होता, तो खरा होता, आणि त्या खोलीत तो सगळ्यात निरुपयोगी होता.

आवाज ऐकून जावई सतरंजी गुंडाळून दाराशी आला होता. त्याच्या अंगात एकशे एक ताप होता. तो म्हणाला, “अगं, हाताच्या काकणाला आरसा कशाला? ठेव तो थर्मामीटर. नानांचे ओठ बघ, नखं बघ. निळी पडलीत.”

तेव्हा लेकीने वडिलांकडे नीट पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“मला... ताप नाही,” घड्याळजी म्हणाले. “उगाच... घोळ घालू नका.”

“नाना, माफ करा, पण आज तुमचं ऐकणार नाही,” जावई म्हणाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याला असं तोडून सांगितलं असेल. तळमजल्यावर टॅक्सीवाला राहायचा. तो जेवता जेवता उठला. तोंडाला रुमाल बांधून दोघांनी घड्याळजींना जिन्यावरून उतरवलं. लेक बरोबर गेली, जावई टिकटिकपाशी थांबला. निघताना घड्याळजींनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं. डॉक्टरांना दाखवायला पुरावा नको का?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बोटाला एक चिमटा लावला, पाठीला नळी लावून ऐकलं, आणि लगेच नाकाला प्राणवायू जोडायला सांगितलं. घड्याळजींनी खिशातून मला काढून पुढे केलं. बाईंनी मला घेतलं, वाचलं आणि शांतपणे बाजूच्या टेबलावर ठेवलं. एवढ्या शांतपणे मला कुणी कधी बाजूला ठेवलं नव्हतं.

“फ्लूच होता आणि आता न्यूमोनिया झालाय,” त्या लेकीला म्हणाल्या. “आणखी एक दिवस घरी काढला असता तर अवघड होतं. अजूनही दोन दिवस मी काही खात्री देत नाही.”

“पण बाई, ताप नव्हता हो! रोज बघत होतो आम्ही.”

“वयस्क माणसाला फ्लूमध्ये ताप येईलच असं नाही. जेवण सुटतं, धाप लागते, गोंधळायला होतं. ते बघायचं असतं.” मग त्यांनी घरातलं सगळं विचारून घेतलं. आधी कुणाला, मग कुणाला, कोण कुठे झोपतं, खिडक्या किती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि हा? एकच सगळ्यांना? धुता कशाने?”

लेकीने खाली बघत फडक्याची हकिगत सांगितली. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. “आजाऱ्याच्या तोंडातून थेट दुसऱ्याच्या तोंडात,” एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. फ्लू खोकल्यातून, शिंकेतून, जवळ बसून बोलताना श्वासातून जातो. हातांवरून, पेल्यावरून जातो. बंद खोलीत जास्त जातो. आणि ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच जायला लागतो. म्हणून एका घरातली माणसं दोन-तीन दिवसांच्या फरकाने पटापट आडवी होतात. माझ्यामुळे किती गेला आणि श्वासातून किती, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. काचेच्या कारखान्यातल्या त्या बाईंनी मला त्या चार नापासांच्या डब्यात टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

ते दोन दिवस फार वाईट गेले. त्यानंतर धोका टळला.

इकडे घरात एक वेगळंच झालं होतं. टिकटिक बरी झाली, पण बोलेना. हे मला नंतर कळलं, कारण मी दवाखान्यात होतो. आईने विचारलं, पप्पांनी हसवून पाहिलं. ती भिंग खणात ठेवून खण बंद करायची आणि पलंगाच्या कोपऱ्यात बसायची. आजोबांच्या दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी तिला भेटायची परवानगी मिळाली. तोंडाला मास्क लावून, खोलीच्या दारापर्यंतच. ती दाराशी उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, “आजोबा, मीच आणला ना तो? शाळेतून?”

घड्याळजींना अजून फार बोलता येत नव्हतं. त्यांनी लेकीला हाताने थांबवलं. त्यांना स्वतःच उत्तर द्यायचं होतं.

“हो गं,” ते म्हणाले. “तुझ्याबरोबर आला असेल.”

लेक दचकली. टिकटिकचे डोळे भरले.

“दार वाजवून तर तो कुणाच्याच घरी येत नाही. तुला कुणी दिला, त्यालाही माहीत नसेल,” आजोबा दम खात म्हणाले. “पण आल्यावर त्याला घरभर कुणी वाटला? एका पेल्यातून, एका थर्मामीटरने, रोज ओळीत बसवून? मी. वाटप सगळं माझं. त्यातलं तू काही घ्यायचं नाहीस. कळलं?”

तिने मान हलवली.

“आणि मी मरत होतो, ते मोजून कुणी काढलं?”

“मी.”

“मग? आता बोल काहीतरी. सहा दिवस इथे कानाला नुसती शांतता.”

ती बोलायला लागली आणि नर्सने ‘वेळ संपली’ म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा थांबली. घड्याळजी डोळे मिटून ऐकत होते. आवाज ऐकून मलाही फार बरं वाटलं.

बाराव्या दिवशी ते घरी आले. पण पूर्वीचे उरले नव्हते. उजव्या हाताला बारीक कंप राहिला. बायकांची छोटी मनगटी घड्याळं त्यांना परत कधी उघडता आली नाहीत. भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढी ते दुरुस्त करतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोरीवर नेलं, साबण लावला आणि कोमट पाण्याने धुतलं. हाताला आयुष्यभरात ही सवय नव्हती, त्यामुळे धुताना ते अडखळत होते. मग त्यांनी जाऊन खिडकी उघडली. टेबलावर धूळ आली. जावई म्हणाला, “नाना, धूळ येतेय.” ते म्हणाले, “येऊ दे जावईबापू. घड्याळावर झाकण घालता येतं.” या वेळी ‘बापू’मध्ये चेष्टा नव्हती.

सोनाराने कान टोचलेले बरे म्हणतात, ते खरं आहे. डॉक्टरीणबाईंचं सगळ्यांनी मनावर घेतलं. नुसता घसा धरला तरी टिकटिक त्या दिवशी शाळेत जात नाही आणि आजोबांच्या खोलीतही नाही. ती बाहेरच्या खोलीतून ओरडून गोष्टी सांगते. ज्याचा पेला त्याचाच. खोकला आला की तोंड कोपरात. आणि दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी सगळे जाऊन लस टोचून घेतात. जावई सगळ्यात मोठ्याने ओरडतो.

मी मात्र निवृत्त झालो. माझी काच फुटली तर आतला पारा घातक, म्हणून माझ्या जागी तो ‘पीं पीं’ करणारा पुतण्या आला. मला आता दवाखान्यात जमा करायचं आहे, तिथे जुना पारा नीट ठेवतात म्हणे. घड्याळजी रोज ‘उद्या देतो’ म्हणतात. म्हणून जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगून ठेवतो, मित्रांनो. आम्हाला जरूर वापरा, धुऊन वापरा, आमचा आकडा खरा माना. पण आकड्यावर माणसाचं दुखणं संपत नाही. ज्याला ताप नाही त्यालाही बरं वाटत नसेल. घरातल्या सगळ्यांची सेवा करणारं जे माणूस असतं, त्याच्याकडे दिवसातून एकदा तरी नीट बघा. ते आपण होऊन सांगणार नाही.

गेल्या आठवड्यात घड्याळजींना सकाळी थोडा खोकला आला. पुतण्याने ‘पीं’ केलं, आकडा साधाच होता. लेक कारखान्यात निघाली होती, पिशवी खांद्याला होती, चप्पल पायात होती. ती दारातून परत आली, खुर्ची ओढून त्यांच्यापासून जरा अंतरावर बसली आणि म्हणाली, “नाना, तुम्हाला कसं वाटतंय?”

घड्याळजींनी वर पाहिलं. या घरात इतकी वर्षं प्रत्येकाला ‘किती आहे’ एवढंच विचारलं गेलं होतं, आणि विचारणारे ते स्वतःच होते. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“बरं नाही वाटत गं,” ते म्हणाले.

लेकीने पिशवी खांद्यावरून उतरवली.